जांबूचा डावा पाय

कुत्र्याच्या डॉक्टरला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "चावत तं नाही ना तुमाले?" आणि दुसरा, "याले खायला काय देऊ?" पहिल्याचं उत्तर माझ्या दोन्ही हातांवर आहे, बाही वर केली की दिसतं. दुसऱ्याचं उत्तर मी नागपुरात वीसेक वर्षं देत होतो, आणि त्यातली निम्मी वर्षं ते चुकीचं देत होतो. निवृत्त माणसानं आपल्या यशाच्या गोष्टी सांगाव्यात असा रिवाज आहे. त्या माझ्याकडेही आहेत, पण त्या मी जावयांना सांगून संपवल्या आहेत.

शिक्षणानं मी गुरांचा डॉक्टर. कॉलेजात चार वर्षं गाय, म्हैस, बैल आणि शेळी यांच्यात गेली. कुत्रा आला तो परीक्षेच्या तोंडावर, पंधरा दिवसांत उरकलेला. सत्तर सालाच्या आगेमागे मी नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात रुजू झालो. दिवसभर बैलांचे खूर आणि म्हशींची अडलेली बाळंतपणं, आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत कुत्री. त्या काळी शहरात अल्सेशियनची हौस वाढली होती. साहेब लोक बदलीवर जाताना पिल्लं वाटून जात, आणि ज्यांच्या घरी पिल्लू जाई ते दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे राहत.

मोठ्या जातीचं पिल्लू म्हणजे काय प्रकरण असतं, ते आधी सांगतो. ग्रेट डेन जन्मतो तेव्हा अर्ध्या किलोचा असतो, ओंजळीत मावतो. वर्षभरात तो पन्नास किलोच्या घरात जातो. माणसाच्या पोराला ज्याला अठरा वर्षं लागतात ते हा बारा महिन्यांत उरकतो. ही सगळी वाढ हाडांच्या टोकांशी होत असते. तिथलं हाड कच्चं असतं, भट्टीत न गेलेल्या मडक्यासारखं. त्यावर वजन लवकर आलं किंवा खाण्यात काही कमीजास्त झालं की पाय वाकतो. साधारण वर्षानं ही टोकं पक्की होतात, आणि मग पाय जसा असेल तसाच जन्मभर राहतो. त्यामुळे जे काय करायचं ते पहिल्या वर्षातच.

आणि पहिल्या वर्षातच लोकांचं प्रेम उतू जातं. नागपूरच्या महाल भागातले एक वस्ताद होते, तालीम चालवायचे. त्यांनी अल्सेशियनचं पिल्लू आणलं आणि त्याला पहिलवानाचा खुराक सुरू केला. भिजवलेले बदाम, मलईचं दूध, वर रोज सकाळी तेलानं मालिश. चार महिन्यांत ते पिल्लू इतकं जड झालं की उठायचा कंटाळा करू लागलं. मी म्हटलं, "वस्ताद, खाणं निम्मं करा. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत." वस्तादांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी तेव्हा पन्नास किलोंचाही नव्हतो. "तुमाले लहानपणी कोणी खुराक देला नाही वाटते," एवढं बोलून ते निघून गेले. पिल्लू मात्र पुढे सुधारलं, कारण वस्तादांच्या घरच्यांनी बदाम कुलुपात ठेवले.

जांबू आला तो इतवारीत, शहराच्या जुन्या बाजारपेठेत. भांडे बाजारात मारोतरावांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, वर घर, मागे गोदाम. त्यांचे एक गिऱ्हाईक मँगनीजच्या खाणीवर अधिकारी होते. त्यांनी बदली झाल्यावर ग्रेट डेनचं दोन महिन्यांचं पिल्लू मारोतरावांच्या हवाली केलं. नखशिखांत काळं, कपाळ रुंद, पावलं बशीएवढी. मारोतरावांनी त्याचं नाव जांबुवंत ठेवलं आणि बाजारानं त्याचा जांबू केला. दुकानाच्या ओट्यावर तो बसला की गिऱ्हाइकं परातीचा भाव विसरून त्याच्याकडे पाहत.

मी त्याला चार वेळचं खाणं लिहून दिलं: दूध, ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, ताक आणि अंडं. अंड्यावर घर अडलं, कारण घर माळकरी. शेवटी मागच्या गोदामात वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात अंडं उकडायचं ठरलं. ते पातेलं चुकूनही दुकानात विकायला येणार नाही, अशी शपथ मारोतरावांना बायकोसमोर घ्यावी लागली. कागदाच्या शेवटी माझी खास ओळ होती. हाडांसाठी कॅल्शियमची पांढरी पावडर, दोन मोठे चमचे रोज, आणि माशाच्या तेलाचा एक चमचा. मोठं हाड म्हणजे जास्त चुना, हा माझा हिशेब. दुभत्या म्हशीचं पाहून मी तो शिकलो होतो आणि मला तो सरळ वाटत होता.

दर रविवारी सकाळी मी सायकलवरून इतवारीत जाई. शेजारच्या धान्याच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर जांबूला चढवायचं आणि वजन घ्यायचं. तिसऱ्या महिन्याला तो चौदा किलो भरला. ठीक. चौथ्या महिन्याला वीस-एकवीस व्हायला हवा होता, भरला चोवीस. आणि त्याचा डावा पुढचा पाय मनगटापासून बाहेर वळायला लागला होता. उभा राहिला की एक पाऊल समोर बघे आणि एक सराफा बाजाराकडे.

मी भाकरी कमी केली. पुढच्या रविवारी वजन वाढलेलंच. दूध कमी केलं. वजन वाढलेलंच. मारोतराव गळ्यातल्या माळेवर हात ठेवून सांगत, "डाक्टरसाहेब, तुमच्या कागदावर लिवलं तेवढंच. एक घास वरचा नाही." माणूस खोटं बोलणारा नव्हता. पण दर रविवारी पिल्लाचं पोट बिघडलेलं असे, आणि एकदा त्याच्या तोंडाजवळ वाकलो तर मोहरीच्या तेलाचा भपकारा आला. मारोतरावांकडे स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलात व्हायचा. मला शंका आली आणि पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम शनिवारी, न सांगता गेलो.

ओट्यापुढे रांग होती. हातात पोळी, पोळीवर तेल. एक जण पुढे होई, पोळी जांबूपुढे धरी, जांबू ती दोन घासांत गिळी, तो माणूस हात जोडी आणि कामाला लागे. मी अर्धा तास उभा राहिलो आणि अकरा पोळ्या मोजल्या. ज्याला शनीचा त्रास, साडेसाती, त्यानं शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घालावी, हे मलाही ठाऊक होतं. आमच्या गावीही घालत. पण गावातलं काळं कुत्रं दहा घरं हिंडून अर्धपोटी राहायचं. इथे अख्ख्या इतवारीची साडेसाती एका चार महिन्यांच्या पिल्लाच्या पोटात जात होती.

"मारोतराव, हे काय?" मी विचारलं. "तुम्ही तर म्हणत होता, वरचा घास नाही?"

मारोतरावांना माझा प्रश्नच कळला नाही. "अहो, थे जेवण थोडीच होय?" ते म्हणाले. "थे तं दान होय. दानाची पोळी कोणी जेवणात मोजते का?"

मी त्यांना काट्यापाशी नेलं आणि सांगितलं की या काट्याला दान आणि जेवण यातला फरक कळत नाही. ते पटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाटी लागली: 'कुत्र्यास पोळी देऊ नये. पाय वाकतो.' पुढे आठवडाभर लोक कोणाचा पाय वाकतो, देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे विचारत होते. देणाऱ्याचा, असा समज पसरला आणि रांग मोडली.

एक बाई मात्र थांबली नाही. वेणूबाई नाव. हातमागावर विणणाऱ्यांच्या घराण्यातली, नवरा गेलेला, मागच्या गल्लीत राहून घरी बसून विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून देई. केसांत नेहमी सुताचे तंतू अडकलेले. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पाटीचा उपयोग नव्हता, आणि ती शनिवारची नव्हे, रोजची होती. दुकान उघडायच्या आधी येई, पोळी देई आणि जाई. हे मला एका रविवारी लवकर पोचलो म्हणून कळलं.

"बाई, काय देता त्याला?"

"पोळी जी. एकच तं देऊन राहिली."

"रोज?"

"रोज. माह्या वासूची साडेसाती हाय. जोशीबुवानं सांगतलं, काळ्या कुत्र्याले रोज पोळी घाल." तिचा चेहरा उजळला. "तवापासून त्याले मिलमंधी रोज बदली भेटून राहिली."

बदली म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरतं त्याच्या जागी काम. वासू तिचा एकुलता मुलगा, रोज मिलच्या फाटकावर उभा राही आणि निम्म्या दिवशी हात हलवत परत येई. ते दिवस आता भरत होते. बाईच्या दृष्टीनं तिच्या मुलाची भाकरी या पिल्लाच्या तोंडातून येत होती.

मला हे सगळं समजत होतं. तरीही त्या दिवशी माझं डोकं फिरलं. तीन आठवडे मी त्या पायाकडे पाहत होतो आणि काही चालत नव्हतं. शेजारची दुकानं उघडत होती, लोक थांबले होते, आणि तरुण डॉक्टरला लोक थांबले की चेव येतो. मी मोठ्यानं म्हणालो, "बाई, तुमच्या मुलाची साडेसाती तुम्ही या मुक्या जिवाच्या पायात घातली. हा जन्माचा लंगडा झाला तर ते पाप कोणाचं?"

तिनं हातातली पोळी पदराखाली घेतली. मग खाली बसली, जांबूच्या त्या वाकड्या पावलाला दोन्ही हात लावले. "चुकली मी बापा," असं त्याला म्हणाली, मला नाही. जांबू तिचा पदर हुंगत होता. ती उठून गेली आणि पुन्हा ओट्याकडे आली नाही.

मला वाटलं, प्रश्न सुटला. आता पाय सरळ व्हायचा, म्हणून मी माझ्याकडून कसर ठेवली नाही. पाय वाकला म्हणजे चुना कमी पडला, असा विचार करून पांढऱ्या पावडरचे दोनाचे चार चमचे केले. वजन वयाच्या हिशेबात बरोबर बसलं, पण पाय महिनाभरात आणखी फिरला. मनगटाशी सूज आली, जांबू उठताना कण्हू लागला. मी मारोतरावांना धीर देत होतो आणि मनातून घाबरलो होतो.

मग ती पावडर बाजारातून गायब झाली. त्या काळी अशी टंचाई नवीन नव्हती. आज डबा आहे, उद्या नाही. अडीच महिने मिळाली नाही. मारोतराव हवालदिल झाले. मी म्हटलं, काय करणार, मिळाली की सुरू करू. त्या अडीच महिन्यांत सूज उतरली. पाय हळूहळू आत येऊ लागला. पावडर पुन्हा मिळू लागली तेव्हा जांबूनं ती कालवलेलं वरण हुंगून सोडून दिलं, आणि मारोतरावांनी मला न विचारता तिचा नाद सोडला. पाय सुधारतो आहे तो पोळ्या बंद झाल्यामुळे, हे मी चार लोकांना अभिमानानं सांगितलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे आंधळा मीच होतो.

वर्ष पूर्ण झालं. जांबू बावन्न किलोंचा, ओट्यावर उभा राहिला तर दारच झाकून टाकणारा. उजवा पाय सरळ, डावा दोन बोटं बाहेर. तो तसाच राहणार होता. चालताना किंचित लचके, एवढंच. मारोतरावांना त्याचं काही नव्हतं, "आमचाही डावा गुडघा दुखते," म्हणत.

त्या दिवशी मी निघालो तर गल्लीच्या तोंडाशी वेणूबाई उभी होती. माझी वाट पाहत असावी.

"सुधरला का जी त्याचा पाय?"

"बराचसा सुधारला. थोडा वाकडा राहिला."

"जो राहिला थो माह्या पोळीनं ना?"

मी म्हणालो, "हो बाई. पण आता वाईट वाटून घेऊ नका." मोठ्या मनानं क्षमा केल्यासारखं बोललो. ती मान हलवून गेली, आणि मी सायकलवर टांग टाकली.

यानंतर जवळजवळ दहा वर्षं मी शेकडो पिल्लांना ती पावडर लिहून दिली. काहींचे पाय वाकले. मी वस्तादांसारख्या मालकांना दोष दिला, बिस्किटं देणाऱ्या मुलांना दिला, गुळगुळीत फरशीला दिला. मग प्रतापनगरात एक निवृत्त इंजिनियर भेटले. त्यांचं ग्रेट डेनचं पिल्लू घड्याळावर जेवायचं. शेजारपाजारची पोळी नाही, बिस्कीट नाही, फाटकाला कुलूप. आणि हे गृहस्थ आलेखाच्या कागदावर रोजचं वजन, रोजचं खाणं आणि चक्क पायाचा कोन मांडून ठेवायचे. त्याही पिल्लाचा पाय वाकला. त्यांनी तो कागद माझ्या टेबलावर पसरला आणि पेन्सिलीनं एक जागा दाखवली.

"डॉक्टर, इथे तुम्ही चमचे वाढवलेत. आणि इथून कोन वाढला. योगायोग असेल तर सांगा."

मला पहिल्यांदा जांबूचे ते अडीच महिने आठवले. दुसऱ्या दिवशी रजा काढून कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो आणि परदेशी नियतकालिकं उपसली. तिथे साध्या शब्दांत छापलेलं होतं. पूर्ण वाढलेलं जनावर जादा कॅल्शियम आतड्यातूनच नाकारतं. मोठ्या जातीचं पिल्लू नाकारू शकत नाही. जेवढं द्याल तेवढं आत घेतं, आणि त्यानंच वाढतं हाड बिघडतं. दूध, वरण आणि अंडं खाणाऱ्या जांबूला माझी पावडर चिमूटभर पुरली असती. म्हशीचा हिशेब मी पिल्लाला लावला होता. इंजिनियरसाहेबांच्या पिल्लाची पावडर त्याच दिवशी बंद केली, आणि त्याचा पाय वेळेत वाचला.

तेव्हाच वेणूबाईकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. जांबू तोवर म्हातारा होऊन गेला होता, कोणाचा फायदा, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. त्या समजावण्यात आणखी दोन वर्षं गेली. मग एकदा मारोतरावांकडे बोलता बोलता कळलं की वासूनं मिलचा नाद सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि हुडकेश्वरकडे प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. आई त्याच्याकडेच असते. मी पत्ता घेतला आणि रविवारी स्कूटर काढली.

हुडकेश्वर तेव्हा निम्मं शेत आणि निम्मे चुन्यानं आखलेले प्लॉट. वेणूबाई अंगणात तूर निवडत बसली होती. केस पिकले होते, पण तिनं मला लगेच ओळखलं. "ढोरायचे डाक्टर," म्हणाली आणि बाज पुढे केली. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. तुमच्या पोळ्यांनी त्याचं वजन थोडं वाढलं, ते खोटं नाही. पण हाड वाकलं ते माझ्या औषधानं. तुमची पोळी बंद झाल्यावर मी ते दुप्पट केलं, तेव्हा तर जास्तच वाकलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणालो, ते चुकलं.

तिचे हात सुपात थांबले.

"बारा वर्सं," ती म्हणाली. "बारा वर्सं मी कोन्या कुत्र्याले तुकडा टाकला नाही डाक्टरसायब. दारात आलं तं हाकललं. सून टाके, वासू टाके, मी नाही. मले वाटे, माह्या हातालेच दोष हाय."

मी फक्त म्हणालो, "माफ करा बाई."

"तुमाले कवा समजलं हे?"

"दोन वर्षं झाली."

"अन् आज आले?"

"हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सकाळची पोळी होती, वर तेल चोपडलेलं. ती तिनं माझ्या तळहातावर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "आता साडेसाती तुमची."

मी उठलो. रस्त्यापलीकडे विटांच्या ढिगाशी एक कुत्री निजली होती आणि तिचं तांबूस पिल्लू माझ्याकडे पाहून शेपटी हलवत होतं. मी पोळी घेऊन त्याच्याकडे निघालो. चार पावलं गेलो असेन, तोच मागून वेणूबाईचा आवाज आला.

"अर्धीच द्या जी. लहान हाय थे."